डोळ्यांची जागा कोरी

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात अंगावर दोन स्वेटर, एक कोट आणि तुम्ही निघताना बळेच ट्रंकेत कोंबलेलं ते फ्लॅनेल, असं सगळं एकावर एक असल्यामुळे वाकणं बरेच दिवस बंद आहे. तुमचे गुडघे, दादाचा खोकला आणि धाकटीचा दात (पडला का? की अजून जिभेनं हलवत बसते?) यांची खुशाली सविस्तर कळवावी. माझी विचाराल तर नाक सोडून सगळं ठीक आहे. नाक आहे, हे आरशात दिसतं. जाणवत मात्र नाही. वर तारीख घातलेली नाही त्याबद्दल रागावू नका. शाळेतलं कॅलेंडर मागच्या बाजूनं कोरं होतं, ते पोरांनी चित्रांसाठी वापरून टाकलं आणि त्यानंतर इथं कुणालाच आजचा वार खात्रीनं सांगता येत नाही.

पत्र दादाला न लिहिता तुम्हाला का, हे तुम्ही ओळखलं असेलच. दादा माझं पत्र दोन ओळी वाचतो, ‘याचं रडगाणं सुरू झालं’ म्हणतो आणि चष्मा काढून ठेवतो. तेव्हा तुम्हीच त्याचा चहा झाल्यावर, स्वारी खुशीत असताना, हळूच विषय काढावा. विषय असा, की शिक्षण खात्यात त्याची जी ओळख आहे ती त्यानं भावासाठी एकदा तरी वापरावी आणि माझी इथून बदली करून घ्यावी. कुठेही चालेल. जिथं शाईची दौत सकाळी शेगडीजवळ वितळवत बसावी लागत नाही, असं कुठलंही गाव मला चालेल. चित्रकलेचा मास्तर म्हणून उत्तरेकडे पाठवताय म्हटल्यावर मी आपला खूष होतो. डोंगर असतील, प्रकाश छान असेल, निसर्गचित्रं होतील. वहिनी, डोंगर आहेत. पण ते पांढरे, आभाळ पांढरं, रस्ता पांढरा, त्यावरची मेंढरं पांढरी, आणि मी तिकडून आणलेला रंगांचा डबा उघडला तर त्यातली पांढऱ्याची नळी तेवढी वाटेत फुटलेली. आता बोला!

गाव म्हणजे एक उतरती गल्ली. वरच्या टोकाला शाळा, खालच्या टोकाला मेंढरांचे गोठे, आणि टपालगाडी येते ती मधेच कुठंतरी बंद पडते. शाळेची खोली एकच. त्यात एक शेगडी, बाकांच्या दोन रांगा आणि मोठ्या बाई. मोठ्या बाई चित्रकला सोडून बाकी सगळं शिकवतात आणि मी शिकवत असताना मागे बसून विणतात. (त्या मान वर न करता सगळं बघतात. माझा फळ्यावरचा घोडा त्यांनी विणता विणताच नापास केला.) मी आलो त्या दिवशी चित्रकलेचा मास्तर दिसतो कसा, हे पाहायला अख्खी गल्ली जमली होती. बघून झाल्यावर सगळे फार शांतपणे घरी गेले. त्यांची निराशा झाली असावी, पण माणसं सभ्य आहेत, कुणी बोलून दाखवलं नाही.

आता इथली एक रीत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझे हाल तुम्हाला कळायचे नाहीत. इथं प्रत्येकाचं एक काम ठरलेलं आहे, आणि ते काम दुसरं कुणी करत नाही. म्हणजे सुतार, लोहार असं नव्हे हो, त्यापेक्षा कितीतरी बारीक. दाराची फळी एक जण करणार, बिजागरी दुसरा, कडी तिसरा. कडीवाला मेंढरं घेऊन डोंगरापलीकडे गेला होता, म्हणून माझ्या खोलीचं दार मी आलो तेव्हा दोरीनं बांधलेलं होतं आणि तो येईपर्यंत दोरीनंच बांधलेलं राहिलं. तसंच कोटाचं. प्रवासात माझ्या कोटाची बटणं तुटली. शिंप्याकडे गेलो तर तो म्हणाला, मी बाह्या करतो, बटणं काकूंकडे. काकू मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. म्हटलं, हरकत नाही, सुई द्या, मी लावतो. खोलीवर येऊन सुईत दोरा ओवून झाला होता आणि घरमालकीणबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. रागानं नाही हो, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. म्हणाल्या, ‘‘का हो मास्तर? काकू यायच्या आहेत ना अजून?’’

पुढे हळूहळू उलगडलं. माणूस यायचा असेल तोवर त्याचं काम त्याचं. तो यायचा नाही असं ठरलं, मग तो वारला असो वा गाव सोडून गेला असो, तर ते काम दुसरा उचलतो. तेव्हा मी जर बटण लावलं असतं, तर काकू आता परत यायच्या नाहीत असं मी भर गल्लीत जाहीर केल्यासारखं झालं असतं. इतका अर्थ एका बटणात असेल हे मला कोण सांगणार? बर्फ पडायला लागलं तरी मी कोट सुतळीनं बांधून शाळेत जात होतो, आणि गावातले निम्मे कोट तसेच सुतळीनं बांधलेले होते. काकू एकदाच्या आल्या, नातवाचं कौतुक सांगत सांगत सगळ्यांची बटणं लावून दिली, आणि माझ्या जिवात जीव आला.

ही रीत मोठ्यांपुरती असती तर मी दात खात सोसली असती. पण वहिनी, ती पोरांत उतरलेली आहे. पहिल्या तासाला मी सगळ्यांना कागद वाटले आणि म्हटलं, मेंढी काढा. (दुसरं काही सुचलं नाही. खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं.) पोरं खाली माना घालून कामाला लागली. मी म्हटलं, वा, काय एकाग्रता! फळ्याकडे वळलो, परत वळून बघतो तो कागद बाकांवरून चाललेत. लंबू नावाचा एक उंच पोरगा आहे, तो सगळ्या कागदांवर पाय काढत होता. नुसते पाय. त्याचा कागद कुरळीकडे, ती त्यावर लोकर चढवणार. मग शेंबड्याकडे, तो धूर काढणार. मेंढीच्या चित्रात धूर कशाला, असं विचारलं तर म्हणाला, धूर माझ्याकडे आहे. आणि असे सगळीकडून फिरून कागद शेवटी जायचे खिडकीजवळ बसणाऱ्या ठिपकीकडे. तोंडभर चामखिळीएवढे तीळ असलेली, बोलायला कंजूस अशी ही लहानशी पोरगी. ती प्रत्येक कागद समोर धरून उगाच बघत बसायची, आणि मग पेन्सिलीनं दोन डोळे काढायची. बस, तेवढंच तिचं काम.

पण काय डोळे! तोवर ती मेंढी म्हणजे लोकरीचा ढीग आणि त्याखाली पाय. ठिपकीनं हात लावला की ढीग मान वळवून तुमच्याकडे बघायला लागायचा. एक मेंढी लबाड, एक भेदरलेली, एक नुकतीच रागावून गप्प बसलेली. मी इतकी वर्षं लोकांचे चेहरे काढतोय, एका अध्यक्षांचं तैलचित्र माझ्या हातचं एका दिवाणखान्यात टांगलेलं आहे, पण त्या अध्यक्षांनी माझ्याकडे कधी असं बघितलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

तरी मास्तर तो मास्तर. मी ओरडलो. ही कॉपी आहे, ही लबाडी आहे, प्रत्येकानं आपलं चित्र आपण काढायचं, त्यात आपला आत्मा ओतायचा, असं मोठं भाषण ठोकलं. मोठ्या बाई विणत होत्या. पोरांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी निमूट एकेका कोपऱ्यात तोंड करून बसली. तास संपल्यावर कागद गोळा केले. लंबूच्या कागदावर पाय, कागदभर, वर कुणी नाही. कुरळीच्या कागदावर लोकरीचं धुकं. शेंबड्याचा धूर कागद संपून बाकावर गेलेला. आणि मग ठिपकीचा कागद बघितला. पांढऱ्याशुभ्र कागदावर इथं दोन, तिथं दोन, असे नुसते डोळे माझ्याकडे बघताहेत. तो मी चटकन उलटा करून ठेवला. मी कपाळाला हात लावून बसलेला पाहून कुरळीला माझी दया आली असावी. तिनं ते सगळे कागद घेतले, एकावर एक रचले, आणि खिडकीच्या काचेला टेकवून उजेडात धरले. पायावर लोकर बसली, लोकरीवर डोळे बसले, मागे धूर. अख्खा कळप तिथं उभा होता. पोरांनी एकमेकांना न विचारता, न बोलता, कोपऱ्याकोपऱ्यात तोंडं करून तो बरोबर जागच्या जागी काढला होता.

त्या दिवसापासून मी आत्म्याचा विषय काढला नाही. कागद फिरू लागले, मेंढरांची माणसं झाली, कुत्री झाली, पक्षी झाले, आणि माझे तास बरे चालले होते. (बरे म्हणजे या हवामानाच्या मानानं बरे. बदलीचं काम चालूच ठेवावं.)

मग ठिपकीच्या आईचा खोकला वाढला. इथल्या औषधांना दाद देईना, म्हणून टपालगाडीत मागे गादी घालून तिला शहरातल्या दवाखान्यात हलवलं. बरोबर बाप गेला, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून ठिपकीही गेली. तास चालू असताना बाप दारात येऊन उभा राहिला. ती उठली, हातातलं चित्र पुरं केलं आणि गेली. कुणी रडलं नाही, कुणी हातबित हलवला नाही. येणारच आहे म्हटल्यावर कशाला हलवतील? कागद पूर्वीसारखे फिरत राहिले, आणि ज्यांचं सगळं झालं ते तिच्या जागेवर साठत राहिले. पाय झाले, लोकर झाली, नाक-तोंड झालं, धूर तर आहेच. डोळ्यांची जागा कोरी.

आई आता सुधारते आहे, असं टपालवाला सांगतो. पण तो असंही सांगतो की डॉक्टर म्हणतात, तिला ही थंडी मानवायची नाही, आणि बापाला दवाखान्याच्या कोठीत काम मिळालंय. हे सांगून टपालवाला पिशवी आवरायला लागतो, आणि कुणीतरी बर्फाविषयी बोलायला लागतं. पोरांना ठाऊक आहे की नाही, देव जाणे. ती विचारत नाहीत. ती फक्त चित्रांची चळत नीट करून ठेवतात.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, दोन ठिपके तर काढायचे, त्यात काय मोठं! वरची मेंढी घेतली, पेन्सिलीला टोक केलं. टेकवणार तोच लंबूनं मेंढीच्या तोंडावर आपला पंजा ठेवला. इतका मोठा पंजा की निम्मी मेंढी झाकली.

‘‘मास्तर,’’ तो म्हणाला, ‘‘ती येणार नाहीये का?’’

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मोठ्या बाईंच्या सुया थांबल्या होत्या. वहिनी, हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. मी पेन्सिल ठेवली, आणि शेगडीत लाकडं कुणी नीट घातली नाहीत म्हणून उगाचच आरडाओरडा केला. घरी येऊन मला फार वाईट वाटलं. ते का, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि नेमके त्यातच साहेब तपासणीला आले. साहेबांना सर्दी झालेली, टोपीवर बर्फ, हातात रुमाल. मी वर्गभर दोऱ्या बांधून सगळी चित्रं टांगून ठेवली होती. साहेब एका टोकाकडून बघत निघाले. मेंढरं बघितली, कुत्री बघितली, टपालवाला बघितला, मोठ्या बाई बघितल्या, आणि शेवटच्या टोकाशी येऊन मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, की गावात डोळ्यांची काही साथ आहे का, तसं असेल तर वर कळवायला हवं. मी सांगायला तोंड उघडलं तर सगळा वर्ग एकदम सांगायला लागला. साहेबांना त्यातलं ठिपकी एवढंच कळलं, आणि ते रोगाचं नाव असावं असं वाटून ते दोन पावलं मागे सरकले.

समजूत पटल्यावर त्यांनी निर्णय दिला. बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत ही चित्रं पूर्ण होऊन खाली भरणाऱ्या शाळांच्या प्रदर्शनात लागली पाहिजेत. नाही लागली तर या गावात चित्रकलेचा उपयोग नाही असं धरून हा विषय इथून काढून टाकला जाईल, आणि मास्तरांची बदली दुसरीकडे करण्यात येईल. वहिनी, नीट वाचा. माझी बदली. मी जी तुमच्यामार्फत, दादामार्फत, चहामार्फत मागतोय, ती साहेबांनी स्वतःच्या तोंडानं, सर्दी झालेली असताना देऊ केली. मला त्यासाठी काय करायचं होतं? काहीच करायचं नव्हतं. आणि काही न करण्याचा माझा हातखंडा आहे, दादाला विचारा. त्यावर साहेब आणखी दयाळूपणे म्हणाले, डोळेच राहिलेत ना, मग तुम्हीच काढून टाका की, पाच मिनिटांचं काम.

आणि मी म्हणालो, ‘‘ते माझं काम नाही.’’

कसं म्हणालो, कोण जाणे. मागे वळलो तर मोठ्या बाई विणायचं सोडून सरळ माझ्याकडे बघत होत्या, मी आल्यापासून पहिल्यांदाच. साहेब रुमालात शिंकत गाडीत बसले. संध्याकाळी घरमालकीणबाईंनी माझ्या ताटात सगळ्यांत मोठा बटाटा वाढला. म्हणजे आता पंचाईत ही, की मी डोळे काढले तर पोरांच्या मनातून कायमचा उतरणार, न काढले तर पोरांचा चित्रांचा तास जाणार. बदली मला हवी आहे, नाही असं नाही. पण लंबू मोकळ्या हातानं बाकावर बसलाय आणि त्याच्यापुढे पायांसाठी कागद नाही, हे डोळ्यांपुढे आलं की घास उतरत नाही. असो. तुम्ही म्हणाल, याचं रडगाणं सुरू झालं.

दादाला माझा नमस्कार, धाकटीला आशीर्वाद आणि पडला असल्यास तिच्या दाताला निरोप. लोभ आहेच, इथल्या थंडीत तो गोठला तरी टिकतो चांगला.

तुमचा,
नाक गमावलेला दीर

ता. क. पत्राबरोबर जी लांब गुंडाळी आली आहे ती दादासाठी नाही, त्याला दोरी सोडू देऊ नये. त्यात सगळी चित्रं आहेत. ठिपकी तुमच्याच शहरात आहे. सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोरखंडाचं दुकान आहे, त्याच्यावरच्या खोलीत. टपालवाल्यानं खात्री करून दिलेला पत्ता आहे. वहिनी, तुमचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे, आणि जिना उभा आहे असंही ऐकतो. तरी तुम्हीच जा. दादा गेला तर तिला घाई करील. खिडकीजवळ बसवा, पेन्सिल मऊ द्या, आणि ती एकेक कागद समोर धरून नुसती बघत बसली तर आळशी आहे असं समजू नका, ते तिचं कामच चालू आहे. झालं की टपालगाडीनं लगेच परत पाठवा. रस्ता बंद व्हायला आलाय.

आणखी एक. सर्वांत खाली जे मोठं चित्र आहे, कॅलेंडरचे कागद जोडून केलेलं, त्यात अख्खं गाव आहे. शाळेच्या खिडकीत पोरांनी ठिपकीलाही बसवलंय. तिचेही डोळे कोरे आहेत. हे बघून ती रडेल, असं मी पोरांना म्हटलं. कुरळी म्हणाली, रडू दे, पण काढेल. मलाही तसंच वाटतं.

आता शेवटचं. ते इकडे परत यायचे नाहीत असं तिच्या बापानं तुम्हाला सांगितलं, तर मला पत्रात तसं लिहू नका. इथं आलेली पत्रं वाचण्याचं काम टपालवाल्याचं आहे. माझं पत्रही मला वाचता येत नाही, तो गल्लीत उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवतो. (लिहायला बंदी नाही, हे नशीब.) तसं काही झालंच तर काय करायचं, ते मी पोरांशी आधीच बोलून ठेवलंय. मी म्हटलं, माणूस कुठेही राहो, त्याच्या हातचं काम इकडे येतंय तोवर ते त्याचंच, खरं की नाही? पोरांनी बराच वेळ विचार केला. शेंबड्यानं मोठ्या बाईंकडे बघितलं, मोठ्या बाईंनी मान डोलावली. मग तो म्हणाला, चालेल, पण इकडून कागद पाठवणार कोण? तेव्हा यापुढे अधूनमधून अशी एक गुंडाळी तुमच्याकडे येत जाईल, आणि तुम्हाला तो जिना चढावा लागेल, त्याबद्दल आत्ताच पाया पडतो. आणि बदलीचं दादाला काही बोलू नका. बोलला असाल तर मोडता घाला. गुंडाळ्या बांधण्याचं काम इथं माझ्याकडे आलंय, आणि ते दुसरं कुणी करत नाही.